सव्वातेरा इंच

सासरेबुवांनी मला माप सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. रायफलीच्या चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, सव्वातेरा इंच. हा माणूस पलंगावर आडवा झाला की त्याचे पाय पलंगाबाहेर जातात. त्याच्या हाताला चौदाच्या खाली काही चालणार नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं. मी पुन्हा विचारलं. पुन्हा सव्वातेराच. वर, कानात बोळे घातलेत का, अशी विचारणा झाली.

मी तापट माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो. वाकडा खिळा दिसला तरी माझं डोकं फिरतं. पण या माणसासमोर माझा ताप कधी चढला नाही. मी ज्या कारखान्यात खुर्च्या बनवायचो तो बंद पडला, तेव्हा चार महिने मी घरात बसून भिंतींशी भांडत होतो. बायको माझ्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती. एका सकाळी सासरेबुवा आले, पाणी प्यायले आणि जाताना दारात म्हणाले की दुकानातल्या कामाच्या बाकाची डावी बाजू रिकामीच असते, उद्यापासून येत चला. धीराचा एक शब्द नाही की उपदेश नाही. लोक मला घरजावई म्हणायला लागले तेव्हा त्यांनीच सगळ्यांना ठणकावून सांगितलं, की हा घरजावई नाही, दुकानजावई आहे. त्याला आता अकरा वर्षं झाली. त्या अकरा वर्षांत मी जे काही सरळ चाललो, ते त्यांच्यामुळे.

सासरेबुवा बंदुकीचे दस्ते, म्हणजे खांद्याला टेकणारा लाकडी भाग, बनवायचे. शहरातल्या नेमबाजी क्लबातला जवळजवळ प्रत्येक दस्ता त्यांच्या हातचा. खुर्ची कुणालाही बसायला चालते, दस्त्याचं तसं नसतं, तो ज्याचा त्यालाच बसतो. कोपरापासून बोटापर्यंत हाताची लांबी, मान, गाल, खांद्याचा उतार, सगळं त्यात उतरावं लागतं. शेवटची परीक्षा त्यांची ठरलेली होती. माणसाला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगायचे आणि मग डोळे उघडायला. डोळे उघडल्याबरोबर नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, मागच्या खाचेत मधोमध दिसली, तर दस्ता बसला. मान हलवावी लागली तर काम अपुरं.

आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली आणि आम्ही दुकानाला लागून असलेल्या त्यांच्या घरी राहायला आलो. बोलणं हळूहळू परत आलं, पण मधूनच शब्द घसरायचे. चमच्याला कात्री म्हणायचे, मंगळवारी रविवार असायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की विसरले तर वाद घालू नका, हो म्हणा.

अशात परवाना कार्यालयाचं पत्र आलं. घरात त्यांच्या वडिलांच्या वेळची शिकारीची रायफल होती. शिकार कधीच बंद झाली होती आणि रायफल कपाटात उभी राहून गंजत होती. दस्ता चापामागच्या निमुळत्या भागात फाटलेला, खालचा भाग किडीनं पोखरलेला. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, की अमुक सोमवारपर्यंत हत्यार चालू स्थितीत तपासणीला आणा आणि परवान्याचं काय ते करा, नाहीतर ते जमा होईल आणि तोडलं जाईल. हातात नऊ आठवडे होते. सासरेबुवांनी पत्र दोनदा वाचून घेतलं आणि मला म्हणाले, "नवा दस्ता करा. तुम्ही."

मी आजवर दस्त्यांना तेल लावलं होतं, घासकाम केलं होतं, पण लाकडाच्या ठोकळ्यापासून अख्खा दस्ता एकट्यानं कधी केला नव्हता. तरी हो म्हणालो. त्यांच्या वडिलांची रायफल, त्यांच्या हयातीत, त्यांच्या डोळ्यांसमोर कापली जावी हे मला सहन झालं नसतं. मनात एक चित्रही होतं, की त्यांना उशांना टेकवून बसवायचं आणि एकदा तरी ती त्यांच्या खांद्याला लावायची. कागदपत्रांचं शेजारचे निवृत्त कारकून बघत होते. दस्ता कुणासाठी, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नाही.

आधी लोखंड. सगळे स्क्रू काढून रॉकेलमध्ये टाकले, गंजावर तेल सोडलं आणि दोन आठवडे नुसतं पुसत बसलो. घासायची घाई केली तर लोखंडावर कोरलेले, परवान्यात नोंदलेले आकडे जातात आणि आकडे गेले की रायफल कागदावर उरत नाही, हे त्यांनी मला पलंगावरून तीनदा बजावलं. नळी आतून मात्र लख्ख निघाली. त्यांच्या वडिलांनी शेवटची साफ केली असणार, ती तशीच.

मग लाकूड. दुकानाच्या माळ्यावर अक्रोडाची एक फळी अठरा वर्षं वाळत पडली होती. किती गिऱ्हाइकांनी ती मागितली, पण त्यांनी दिली नाही. ती खाली काढायला सांगितली तेव्हा मी दोन मिनिटं शिडीवरच उभा राहिलो. असल्या फळीला हात लावायची माझी लायकी आहे का, असं खरंच वाटलं.

लोखंड लाकडात बसवायची त्यांची पद्धत म्हणजे संयमाचा अंत. दिव्याची काजळी तेलात कालवायची, लोखंडाच्या पाठीला बोटानं पातळ लावायची, लाकडात ठेवून हलकेच दाबायचं आणि उचलायचं. जिथे काळा डाग उठला तेवढंच लाकूड पटाशीनं तासायचं, कांद्याच्या पातीहूनही पातळ. पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं, पुन्हा तासायचं. दिवसाला चाळीस-पन्नास वेळा. जास्त निघालं तर ते परत चिकटवता येत नाही. माझी बोटं, मनगटं, नाक, सगळं काळं. बायको म्हणायची की नवरा दुकानात जातो आणि कोळशाच्या खाणीतून परत येतो. पाचव्या आठवड्यात मी पटाशी फेकली आणि ओरडलो. पलंग बाजूच्याच खोलीत होता. आतून आवाज आला, की फेकून झाली असेल तर धार बघा, कोपरा उडाला असेल. उडाला होता.

लोखंड बसलं आणि शेवटी लांबीवर आलो. सव्वातेरावर करवतीची खूण केली आणि माझा हात अडला. त्याच सकाळी त्यांनी मला त्यांच्या मेलेल्या भावाच्या नावानं हाक मारली होती. मी विचार केला, की या आकड्याचंही तसंच झालंय. आखूड कापलं तर अठरा वर्षं जपलेली फळी वाया, लांब ठेवलं तर नंतर कापता येतं. खूण पुसली, चौदावर कापलं, टोकाला लोखंडी पट्टी बसवली आणि त्यांना सांगितलं की सव्वातेरा केलंय. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, हो म्हणा. मी स्वतःला फार शहाणा समजत होतो.

मग रोज जवसाच्या तेलाचा एक हात. तळव्यानं चोळून ते मुरवलं, तसा आतला तपकिरी रंग वर आला.

तपासणीच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी रायफल त्यांच्या खोलीत नेली. आमच्या घरात हत्यार हातात देण्याआधी ते उघडून समोरच्याला दाखवायचं असतं. देणारा म्हणतो रिकामी आहे, घेणारा बघून म्हणतो पाहिली. ते झालं. त्यांनी डावा तळवा दस्त्यावरून फिरवला, निमुळत्या भागावर थांबले, नख लावून लाकूड आणि लोखंड यांच्यात फट शोधली. सापडली नाही. चांगलं झालंय, म्हणाले. अकरा वर्षांत हे मी तिसऱ्यांदा ऐकत होतो आणि मला हुंदका आला, खोटं कशाला बोलू.

मी त्यांना बसतं करायला उशा गोळा करू लागलो तर म्हणाले, "मला नको. तिला बोलवा."

बायको भांडी घासत होती. ती ओले हात पदराला पुसत आली. सासरेबुवा तिला म्हणाले, "घे पोरी. डोळे मिट आणि खांद्याला लाव."

तिनं माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. हे माझ्या हिशोबात कुठेच नव्हतं. तिनं रिकामी असल्याचं पाहिलं, डोळे मिटले आणि रायफल वर घेतली. दस्त्याचं टोक काखेपाशी अडलं. मान पुढे ताणली गेली. बोटाचं नुसतं अग्र चापाला टेकलं. तिनं डोळे उघडले आणि अगदी हळू म्हणाली, की थोडा लांब पडतोय बाबा, पण चालेल.

त्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. "सव्वातेरा," ते पुटपुटले. "म्हणजे माझंच चुकलं. याही वेळेला."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला बावीस वर्षांच्या संसारात ठाऊक नव्हतं. ती सतरा वर्षांची असताना हट्टानं त्यांच्याबरोबर क्लबात गेली होती आणि हीच रायफल तिनं चालवली होती. दस्ता तिच्या आजोबांच्या लांब हातांचा. तो खांद्यात बसला नाही आणि धक्क्यानं तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. मला तिनं सायकलवरून पडल्याचं सांगितलं होतं. हाड जुळलं की तुझ्या मापाचा दस्ता करतो, असा शब्द त्यांनी दिला. मग गिऱ्हाइकं आली, तिची परीक्षा आली, आमचं लग्न आलं. तिनं पुन्हा मागितला नाही. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. अख्ख्या शहराचे दस्ते केले, घरचा एक राहिला, असं म्हणाले. परवाना तिच्या नावावर करायचा अर्ज त्यांनी कारकुनांकडून भरून ठेवला होता. फक्त तिची सही बाकी होती.

"राहू दे," ते म्हणाले. "सोमवारी देऊन टाका. तिला पुन्हा लागायला नको."

मी गप्प बसलो असतो तर कुणालाही कळलं नसतं. म्हाताऱ्याच्या डोक्याचा दोष म्हणून ते खपून गेलं असतं आणि माझी अब्रू राहिली असती. मी ती दोन क्षण राखलीही, हे कबूल करतो.

"बाबा, तुमचं चुकलेलं नाही," मी म्हणालो. "मी चौदा ठेवलाय."

बायकोनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी जागच्या जागी विरघळलो. मी सगळं सांगितलं. तुमचं डोकं चालत नाही असं वाटलं, हेही सांगितलं. ते आता बोलणार आणि मी ऐकून घेणार, म्हणून मान खाली घालून उभा राहिलो. तर ते अर्ध्या तोंडानं हसायला लागले. इतके की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांचं डोकं शाबूत होतं, त्यांचा आकडा बरोबर होता, आणि ही बातमी मी त्यांना दिली होती. माझ्यावर रागवायला त्यांना सवडच नव्हती.

मी विचारलं की माप घेतलं कधी. सतरा वर्षांची पोर आता त्रेचाळीसची आहे आणि मोजपट्टी तर तुमच्या हातात आठ महिन्यांत आलेली नाही.

"रोज सकाळी ती मला उठवून बसवते ना," ते म्हणाले. "तिचा हात माझ्या पाठीखाली असतो. कोपर इथं, बोटं तिथं. दुसरं काय काम होतं मला?"

बायको पलंगाच्या कडेवर बसली आणि तोंड फिरवून रडली. मी खुर्च्या बनवणारा माणूस. परका माणूस जिना चढताना बघून त्याच्या खुर्चीची उंची सांगतो, त्याचा टेंभा मिरवतो. बावीस वर्षं ज्या हातानं मला वाढलं त्याचं माप कानांवर दोनदा पडलं आणि मला ओळखता आलं नाही. लाज वाटली. आणि त्याहून जास्त, फार जास्त, असं वाटलं की या माणसानं मला त्याच्या बाकाची डावी बाजू दिली हे माझं केवढं भाग्य.

शनिवारी लोखंडी पट्टी काढली, पाऊण इंच कापला, पट्टी पुन्हा बसवली. कापलेल्या जागी तेल चोळलं. या वेळी मोजून झाल्यावर मोजपट्टी बायकोच्या हातात दिली आणि तिलाही मोजायला लावलं. तिनं मोजलं, आणि माझ्यावर आता भरवसा नाही म्हणून तिसऱ्यांदाही मोजलं.

रविवारी सकाळी तिनं आधी वडिलांना उठवून बसवलं, अर्जावर सही केली आणि मग रायफल घेतली. डोळे मिटले. दस्ता तिच्या खांद्याच्या खळग्यात गेला आणि गाल आपोआप लाकडावर टेकला. तिनं डोळे उघडले. मान हलली नाही.

"माशी?" सासरेबुवांनी विचारलं.

"मधोमध."

ते म्हणाले, "सव्वीस वर्षं उशीर केला मी."

"केलात," ती म्हणाली. रायफल तिनं खाली घेतली नाही. "पण बाबा, आता दुखत नाहीये."