पहिला घास कोणाचा

भामाला पणजीचं नाव जन्मतःच मिळालं होतं; पणजीचा ठणकावून बोलणारा आवाज मात्र गेल्या महिन्यात मिळाला. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ती पहिली आली, आणि तोवर "चालेल" या एका शब्दावर गुजराण केलेली ही मुलगी अचानक सगळ्यावर मत देऊ लागली. आमटीची फोडणी, मेट्रोतली गर्दी, बाबांच्या मिशा, काही म्हणजे काही सुटेना. हैदराबादेत तारनाक्याच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये ती जिन्यात दिसली की लोक लिफ्टची वाट बघत उभे राहत.

त्या बक्षिसाची पार्टी म्हणून तिने जुवेरियाला जपानी बार्बेक्यूला बोलावलं. बक्षीस हे आपलं निमित्त. खरी सल वेगळीच होती. मलकपेठला जुवेरियाच्या घरी भामा सहावीपासून जेवत आली होती. ईद असो नाहीतर साधा बुधवार, जुवेरियाची अम्मी तिचं ताट रिकामं दिसू देत नसे. आणि जुवेरिया तारनाक्याला आली की तिच्यापुढे काय यायचं? वरण-भात. फारच उत्साह असला तर थालीपीठ. भामाच्या घरात कोंबडी चालायची, पण उंबऱ्याच्या बाहेर. एवढ्या वर्षांत आपल्या मैत्रिणीला तिच्या आवडीचं पोटभर खाऊ घातलेलं नाही, हे भामाला आतून टोचत होतं. आज उठताना जुवेरियाच्या तोंडून एकदा तरी आलं पाहिजे, "बस, अब नै होता." तेवढ्यासाठी तिने हॉटेलात फोन करून मांस हलाल आहे ना हेही इतक्या वेळा विचारलं होतं, की शेवटी तिथल्या माणसाने "नमस्ते भामा मॅडम" म्हणून फोन उचलला.

आईने या पार्टीत आपली भर घातली. "वरच्या मजल्यावरच्या हर्षदलाही ने. तेवढीच सोबत."

सोबत म्हणजे काय, तर हर्षद. भामाच्याच वर्गात. जपान त्याने पाहिला नव्हता, पण जपानी खाण्याचे व्हिडिओ इतके पाहिले होते, की टोकियोतल्या लोकांना काही अडलं तर त्यांनी निःसंकोच याला फोन करावा.

निघताना आईने दारात मंत्र दिला. "आज तू यजमान आहेस. पाहुणीने हात घातल्याशिवाय आपण घास उचलायचा नाही. हावरटासारखं दिसतं."

"माहीत आहे गं," भामा म्हणाली. माहीत होतंच. घोळ तिथेच झाला.

हायटेक सिटीकडच्या मॉलमध्ये ते हॉटेल होतं. प्रत्येक टेबलाच्या मधोमध एक शेगडी, आणि तिच्यावर छतातून लोंबणारी धूर ओढणारी नळी, हत्तीने माळ्यावरून सोंड खाली सोडावी तशी. वाढणाऱ्या ताईंनी नियम सांगितले: वेळ दीड तास, हवं तितकं मागवा, पण मागवलेलं टाकायचं नाही. पानात टाकायचं नाही हा नियम जपान्यांनी आपल्या आईकडूनच नेला असणार, अशी भामाची खात्री पटली.

तिने चिमट्याकडे हात नेला. चिमटा तिथे नव्हता. तो हर्षदच्या हातात होता.

"याला याकिनिकु म्हणतात," हर्षदने प्रवचन सुरू केलं. "निकु म्हणजे मांस."

"आणि याकि म्हणजे बडबड का?"

"हसा. पण तुकडा सारखा हलवायचा नाही. मांसाला श्वास घेऊ द्यायचा असतो."

"मेलंय ते, हर्षद."

जुवेरिया खुदकन हसली. भामाचा जीव भांड्यात पडला. सुरुवात तर झकास झाली होती.

चिकनचे तुकडे चुरचुरले, कडा तांबूस झाल्या. हर्षदने एक जुवेरियाच्या बशीत ठेवला, एक भामाच्या, आणि उरलेले सगळे स्वतःच्या. "शेफला चव बघावी लागते," तो म्हणाला. बिचारा. नाइलाजच होता त्याचा.

"ले ना, जुवे," भामा म्हणाली.

"हौ, लेती. तू ले."

"नै नै, तू पहले."

"अरे, तू तो ले!"

दोघी एकमेकींकडे बघून गोड हसल्या. तुकडे मात्र बशीत पडून गार होत राहिले.

"टाकायचं नाही असं सांगितलंय," हर्षदने गंभीरपणे आठवण करून दिली, आणि दोन्ही बशांमधले तुकडे नियमाखातर स्वतः खाल्ले.

मग कोळंबी आली. पुन्हा "तू ले", "नै, तू ले". कोळंबी नियमाखातर गेली. मटणाचे पातळ काप आले, तेही गेले. मश्रूम आले, मका आला, भोपळ्याच्या फोडीसुद्धा आल्या, आणि हर्षदने एकाही पदार्थाच्या बाबतीत नियमभंग होऊ दिला नाही. एवढा कायदा पाळणारा नागरिक अख्ख्या हैदराबादेत सापडला नसता.

जुवेरिया मात्र हिरवा चहा पीत बसली होती. "बहुत अच्छी जगह है," ती म्हणाली. जगह! जेवणाबद्दल एक अक्षर नाही. भामाने काय ते ओळखलं. हिला आवडलंच नाही. अम्मीच्या हातचं खाणाऱ्या मुलीला मी शेगडीवरच्या चार कापांनी रिझवायला निघाले! वरण-भात तरी ती खायची.

"आणखी कोळंबी मागवू?" हर्षदने विचारलं.

"चालेल," भामा म्हणाली.

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि तिलाच दचकायला झालं. स्पर्धेचं बक्षीस, पणजीचा आवाज, महिनाभराचा रुबाब, सगळं त्या एका शब्दात विरघळलं.

तेवढ्यात त्या ताई आल्या. "लास्ट ऑर्डर, मॅडम. और कुछ?"

हर्षद खुर्चीत उसासे टाकत पसरला होता. पट्टा केव्हाच सैल झाला होता. ताई वही सरसावून उभ्या असतानाच भामाच्या पोटातून एक लांबलचक गुरगुर निघाली. लगेच समोरून तिला उत्तर आलं. जुवेरियाच्या पोटातून.

दोघी चमकून एकमेकींकडे बघू लागल्या.

"तू भूकी है?" भामाने विचारलं. "तेरेकू पसंद नै आया ना यहाँ का?"

"पसंद? मैं चखी कब?" जुवेरियाचा संयम संपला. "तू शुरू करी क्या? अम्मी बोले, जो बुलाए वो पहला लुकमा लेना, उसके पहले हाथ नक्को लगा, नदीदी बोलते लोगां!"

लुकमा म्हणजे घास. नदीदी म्हणजे हावरट. म्हणजे आईचाच शब्द, फक्त मलकपेठेतून आलेला.

आता भामाला आठवलं. जुवेरियाच्या घरी पहिला घास नेहमी अम्मी घ्यायची. इतकी वर्षं भामाला वाटायचं, बिचारीला भूक फार लागते. आणि तारनाक्याला हा पेच कधी पडलाच नव्हता, कारण तिथे बाबा जेवायला बसले की पाहुणा, यजमान, देव, कोणाचीच वाट बघत नसत.

म्हणजे यजमान पाहुणीसाठी थांबली, पाहुणी यजमानासाठी थांबली, आणि दोन घराण्यांच्या संस्कारांवर हर्षद जेवला.

"हर्षद, चिमटा दे."

"अगं, पण तुला ते टेक्निक..."

"चिमटा."

पणजी परतली होती. हर्षदने मुकाट्याने चिमटा दिला. भामाने ताईंना सांगितलं, "चिकन, मटण, कोळंबी, सब लाओ," आणि शेगडीवर इतके तुकडे मांडले, की मांसाला श्वास घ्यायला जागाच उरली नाही. वरची सोंड धूर ओढता ओढता दमली. सवयीने हर्षदचा हात पुढे आला. भामाने त्याच्या बोटांसमोर चिमटा टकटक वाजवला.

"पाहुणे जेवतायत. तू वाढपी. पाणी ओत."

मग ती जुवेरियाकडे वळली. "एक, दो, तीन बोली की दोनों एकदम. ना तू पहले, ना मैं."

"कसम?"

"कसम. एक... दो... तीन!"

दोन घास एकदम तोंडात गेले. दोन्ही जिभा एकदम पोळल्या. डोळ्यांत पाणी, तोंडाचा चंबू, आणि दोघींनाही "और ले" म्हणता येईना. हर्षद पाणी ओतत राहिला. त्यानंतर दोघी ज्या वेगाने तुटून पडल्या तो पाहून शेजारच्या टेबलावरच्यांनी आपली कोळंबी जवळ ओढून घेतली.

वेळ संपत आली तेव्हा जुवेरियाने बशीवर आडवा हात धरला. "बस, भामा. अब नै होता."

सहावीपासून ज्याची वाट पाहिली ते वाक्य. भामाने ते कान भरून ऐकलं, आणि जणू ऐकलंच नाही अशा थाटात तिचा हात बाजूला सारून शेवटचा तुकडा वाढला.

घरी पोचल्या पोचल्या आईने उलटतपासणी घेतली. "पाहुणीच्या आधी नाही ना खाल्लंस?"

"नाही."

"शहाणी माझी ती! मग, तिच्यानंतर जेवलीस ना नीट?"

"नंतरही नाही," भामा म्हणाली.

"अगं बाई! उपाशीच?" आईने पुढचं काही ऐकूनच घेतलं नाही. कुकर लावला. आणि इतकं तंतोतंत खरं बोलल्याची शिक्षा म्हणून भामाला संध्याकाळी वरण-भात जेवावा लागला, पोटभर, आईच्या आग्रहासकट.