जिभेखालची गोळी

तोंड उघडता न येणाऱ्या माणसाशी गप्पा मारणं हा माझा धंदाच आहे. माझं सलून आहे. गिऱ्हाइकाच्या गालाला फेस, गळ्याशी वस्तरा. तो बिचारा बोलणार काय! हूं म्हणायचीसुद्धा चोरी. त्यामुळे जन्मभर मी बोलत आलो आणि लोक ऐकत आले. बायको म्हणायची, तुमची जीभ काही टाळूला लागत नाही. ती गेल्यावर घरात बोलणारा मी एकटाच उरलो, कारण मुलीने तोवर बोलणं सोडून दिलं होतं.

खरं तर मुलगी माझ्यावरच गेलेली. लहानपणी मी तिला भोंगा म्हणायचो. हसली तरी ऐकू जायची पलीकडच्या गल्लीत. मोठी होऊन एका गोदामात माल लावायच्या कामाला लागली, तिथे खोकं उचलताना तिचा मणका सरकला. दुखणं थांबावं म्हणून गोळ्या मिळाल्या. दुखणं थांबलं, गोळ्या थांबल्या नाहीत. मग गोळ्या पुरेनाशा झाल्या आणि तिने सुई धरली. त्या काळाचं पुराण मी लावत नाही. एवढंच सांगतो, न्हाणीघराचं दार खांद्याने फोडून मी आत शिरलो तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. आजही त्या दाराला कडी नाही. मी लावूनच दिली नाही.

तिथून वाचली आणि मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात उपचार सुरू झाले. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, फटकळ आहेत, पण माणूस सरळ. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हा बापलेकीला समोर बसवून सांगितलं, "ही गोळी जिभेखाली ठेवायची. पूर्ण विरघळेपर्यंत बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही. दहा मिनिटं लागतात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही तोंडात विरघळली की दुसरं काही चढत नाही, काका. म्हणून ज्याला ते घ्यायचं असतं तो ही गुपचूप काढून टाकतो. आणि गोळी सोडून एकदम पूर्वीइतकं घेतलं, तर ते शरीराला झेपत नाही. तेव्हा दार फोडूनही उपयोग होणार नाही."

सुरुवातीला रोज सकाळी तिथेच जाऊन नर्सबाईंसमोर गोळी घ्यायची होती. पुढे तब्येत सुधारली, तिला कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीचं काम मिळालं. काम सकाळी आठला सुरू होतं आणि दवाखाना उघडतो नऊला. डॉक्टरीणबाईंनी विचार केला आणि आठवड्याच्या गोळ्या माझ्या हवाली केल्या. अट एकच. गोळी मी द्यायची, समोर बसायचं, शेवटी जीभ उचलून बघायचं. काही गडबड दिसली की पुन्हा रोजची रांग. म्हणजे कामावर पाणी सोडायचं.

गोळ्या मी कुलपाच्या डब्यात ठेवल्या आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली. सकाळी स्वयंपाकघरात ती स्टुलावर बसायची, मी ओट्याला टेकून उभा. गोळी कडू. ती अशी तोंडं करायची की मला हसू यायचं. मग माझी टकळी सुरू. गिऱ्हाइकांचे किस्से, शेजाऱ्यांच्या कुचाळक्या, तिच्या आईच्या खोड्या. ती बोटांनी उत्तरं द्यायची. किती वाजता येशील? पाच बोटं. काल डबा संपवलास का? अंगठा. माझा विनोद फारच शिळा असला तर कपाळावर हात. दहा मिनिटांनी बेसिनपाशी जाऊन चूळ भरायची आणि एखादं वाक्य बोलून निघून जायची. मला तेवढं पुरत होतं.

जीभ उचलून बघणं मात्र मी काही दिवसांनी सोडून दिलं. गुरांच्या बाजारात दात बघतात तसं पोटच्या पोरीचं तोंड उघडून बघायचं? ती मुकाट जीभ उचलायची आणि मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एक दिवस म्हटलं, राहू दे. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला बरं वाटलं असं मला तेव्हा वाटलं.

मागच्या मंगळवारी मी अर्ध्या मिशीचा किस्सा सांगत होतो. एक गृहस्थ खुर्चीतच घोरायला लागले, मी त्यांची मिशी कोरत होतो, आणि तेवढ्यात वीज गेली. गृहस्थ दचकून उठले, घाईत आहे म्हणाले आणि तसेच चालू पडले. "डावी मिशी जागेवर आणि उजवी गायब," मी म्हणालो, "आणि निघाले कुठे, तर नोकरीच्या मुलाखतीला!"

"अहो बाबा, डावी गायब!" ती एकदम म्हणाली. "आणि मुलाखतीला कुठले, फोटो काढायला चालले होते! दर वेळी बदलता तुम्ही!"

आणि ती हसली. मोठ्याने, अगदी भोंग्यासारखी. कितीतरी दिवसांनी मी ते हसू ऐकत होतो. मीही हसायला लागलो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. माझी पोर परत आली, असं मनात आलं, आणि पुढचा किस्सा कुठला सांगावा याचा विचार मी करू लागलो.

मग गॅसवरच्या दुधाकडे माझं लक्ष गेलं. गोळी तिच्या हातावर ठेवली तेव्हाच मी दूध तापत ठेवलं होतं. त्याच्यावर अजून सायसुद्धा धरली नव्हती. आणि ती तर स्वच्छ बोलली होती. तोंडात गोळी असली की शब्द बोबडे येतात, लाळ सांडते. हे मी पहिल्या दिवसांत पाहिलेलं आहे.

ती हसायची थांबली. तिचा एक हात मांडीवर होता, मूठ मिटलेली.

"लवकर विरघळली आज," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली.

तिने पिशवी घेतली आणि ती गेली. मी दूध उतू जाईपर्यंत तिथेच उभा होतो.

शुक्रवारी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मधले दोन दिवस मी तिला गोळी दिली, समोर उभा राहिलो आणि तोंडातून ब्र काढला नाही. तिनेही काढला नाही. जीभ उचल म्हणायचं रोज ठरवत होतो. आणि रोज डब्याला कुलूप लावायला वळायचो. ती खोटी ठरली तर मी काय करणार होतो, ते मला माहीत नव्हतं.

बाकावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "बाबा, पुढच्या महिन्यात मला कायम करणार आहेत." एवढंच म्हणाली आणि नखं कुरतडत बसली.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला झोप, भूक, काम सगळं विचारलं. मग मला म्हणाल्या, "काका, गोळी तुमच्यासमोर पूर्ण विरघळते ना?"

हो म्हटलं तर तिच्या जिवाशी खेळ. नाही म्हटलं तर काम गेलं, आणि काम गेलं की ती पुन्हा सुईतला माल मिळतो त्या गल्लीत जाऊन उभी राहणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. वस्तरा गळ्याशी आला की काही गिऱ्हाइकं अशी बघतात.

मी मान हलवली. हो.

"शाबास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखा बाप सगळ्यांना मिळत नाही."

येताना ती माझ्यापुढे चालत होती. एकदाही मागे वळली नाही. त्या रात्री मी ठरवलं की आता बस्स. सकाळी मी बोलणार.

सकाळी डबा उघडला. गोळी तिच्या हातावर ठेवली. तिने ती तोंडात टाकली, ओठ मिटले आणि तोंडावरून हात फिरवला. मी दूध ठेवलं नव्हतं. ओट्याला टेकून उभा राहिलो. जीभ उचल, असं मला म्हणायचं होतं. म्हणालो ते वेगळंच.

"आज किती वाजता येशील गं?"

आणि मी तिच्या बोटांकडे पाहत राहिलो. पाच बोटं दाखव, बाई. सहा दाखव, दहा दाखव, कपाळावर हात मार, पण तोंड उघडू नकोस. जन्मभर मी लोकांना बोलतं करत आलो. त्या क्षणी मला माझ्या पोरीचं फक्त मौन हवं होतं.

तिने माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. मी का विचारतोय ते तिला कळलं होतं. मांडीवरची मूठ तिने लपवलीसुद्धा नाही.

"उशीर होईल, बाबा," ती म्हणाली. स्वच्छ, स्पष्ट, एकही अक्षर बोबडं नाही. "जेवणासाठी थांबू नका."

"बरं," मी म्हणालो.