आगेऱ्याची कणसं

आगेरा, आमचा सुगीचा सण, जवळ आला की मी गॅरेजमधला विळा काढते. वसईला नव्या भाताच्या लोंब्या देवळात नेऊन फादरांचा आशीर्वाद घ्यायचो. इथे कॅनडात, मिल्टनला भात कुठलं? मक्याची कणसं चालवून घेतो. पण ती शेतातलीच हवीत. ग्रोसरीतून आणू म्हणणाऱ्या बायांना मी चांगलंच झापलंय, "देवाला काय बारकोड दाखवायचाय, गे?"

कणसं देतो रिचर्ड, म्हातारा शेतकरी. दरवर्षी कुंपणाशी उभी राहून मी विचारते, "रिचर्ड, थोडी कापू?" आणि तो मान हलवतो. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या पानालाही हात लावायचा नाही, ही आमच्याकडची शिस्त.

यंदा गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून मुलाला, रॉयला, गाडी काढायला लावली. शेताच्या तोंडाशी हा भला मोठा बोर्ड: नवी घरं, बुकिंग चालू. माझं डोकंच सणकलं.

"मेल्यांनो, सोन्यासारखी जमीन! उद्या काय सिमेंट खाणार?"

रॉय हळूच म्हणाला, "मॉम, दॅट्स अवर सबडिव्हिजन."

रॉय आणि सून क्रिस्टा दोन पोरांना घेऊन आमच्या बेसमेंटमध्ये राहतात. त्यांनी नव्या वसाहतीत घर बुक केलं तेव्हा मी केक कापला होता. कुठे, ते विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात रिचर्ड आला. मला वर बघवेना, तरी सवयीनं विचारलं, "थोडी कापू?"

"जमीन माझी नाही आता," तो म्हणाला. "विकली. हे शेवटचं पीक तेवढं काढू देतायत."

तो चिडला असता तर बरं वाटलं असतं. पण तो नुसता दमला होता, आणि खरं सांगते, मीसुद्धा.

रॉयला काय कळतंय! त्यानं फोनवर नकाशा उघडून आपला प्लॉट दाखवला. रिचर्डनं नीट पाहिलं, आम्हाला मक्यात आत नेलं आणि एका जागी थांबला.

"ही तुमची. आता त्याला विचार."

आपलेच दात, आपलेच ओठ; शिव्या तरी कुणाला घालू? विळा हातात धरून मी पोटच्या पोराला विचारलं, "रॉय, थोडी कापू?"

तो हसला. "टेक ऑल ऑफ इट, मॉम! तसंही सगळं काढूनच टाकणार आहेत."

सगळं घे, असं रिचर्ड कधीच म्हणाला नव्हता. मी चार कणसं कापली, आणि थँक यू कुणाला म्हणायचं तेच मला कळेना.