बाटलीतलं बाळसं

नेरजवळच्या एका गावात अंगणवाडीत मुलांची वजनं चालली होती. हंसाबाईंचा सात महिन्यांचा नातू पार्थ काट्यावर हलका भरला.

"काकू, वजन लयच कमी हाय," सेविका बेबीताई म्हणाल्या. "दुधासंग मऊ वरणभात चालू करा."

"हळू बोल ना वं! पंधरा दिवसांवर जावळ हाय. सोयरे काय म्हणतीन?"

झालं! लेकराच्या पोटापेक्षा सोयऱ्यांच्या तोंडाची काळजी मोठी ठरली. मोटरसायकलवरून गावोगाव फिरणाऱ्या, पदवीचा पत्ता नसलेल्या एका डॉक्टरानं भुकेचे थेंब दिले. चार दिवसांत पार्थचे गाल भरू लागले.

"आई, हातपाय तं वाळूनच राह्यले त्याचे," सून निकिता म्हणाली.

"तुले काय समजते?" सासूबाईंनी तिला गप्प केलं.

जावळाच्या दिवशी जो तो गालगुच्चे घेत होता. "बाळसं कसं धरलं पाहा!" शेजारच्या कोकिळाबाईंनी तर आपल्या अशक्त नातीसाठी थेंबांचं नाव लिहून नेलं. त्या पंगतीत आपण असतो तर आपणही गालच ओढले असते, हे कबूल करायला लाज वाटते.

आठवड्याभरात पार्थ तापानं फणफणला. त्याला धाप लागली. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाटली पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"आजी, हे बाळसं नाही, सूज आहे. यात स्टेरॉइड आहे. बाळ उपाशीच राहिलं, आणि आजाराशी झगडायची ताकदही गेली. आणखी कुणी देत असेल तर एकदम बंद करू नका म्हणावं, त्यानंही जीव जातो. बाळाला इकडे आणा."

तिसऱ्या दिवशी पार्थ गेला.

जावळाला जेवून गेलेले सोयरे सांत्वनाला आले. "नजर लागली हो गोऱ्यागोमट्या लेकराले," कुणीतरी हळहळलं. निकितानं सासूकडे पाहिलं. हंसाबाईंनी नुसती मान हलवली असती, तर त्या कायमच्या सुटल्या असत्या.

"नजर नाई लागली," त्या म्हणाल्या. "वरणभाताच्या जागी म्या त्याले औषध पाजलं. तुमी चांगलं म्हणावं म्हणून पाजलं. माह्या हातानं गेला तो."

हंसाबाई उठून, नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या कोकिळाबाईंसमोर उभ्या राहिल्या.

"बाटली फेकू नोको. नातीले घे, बाटली घे, आपण दोघी आत्ताच यवतमाळले जाऊ."

कोकिळाबाईंनी नातीच्या तोंडावरचा पदर बाजूला केला. तिचे गाल नुकतेच भरू लागले होते.