आईच्या कपाटाची गाडी

आमच्या आप्पांना कुठलीही वस्तू तिच्या जागेवर असलेली बघवत नाही. विहिरीवर मोटर बसल्यापासून जुनं डिझेल इंजिन रिकामं पडलं होतं, ते त्यांनी उचललं. बार्शीच्या भंगारातून जीपचा गिअरबॉक्स आणला, एका मेलेल्या टेम्पोच्या मागच्या चाकांचा आख आणला, ट्रॅक्टरचं स्टिअरिंग आणलं. दिवा घरच्या मोटारसायकलचा. मोटारसायकल चांगली चालू होती, एवढंच तिचं चुकलं.

इथपर्यंत आईनं सोसलं. पण गाडीच्या हौद्याला पत्रा कमी पडला आणि आप्पांची नजर आईच्या कपाटावर गेली. आईच्या लग्नात तिच्या मामानं आंदण दिलेलं लोखंडी कपाट. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे दारावर पिवळ्या रंगात लिहिलेलं, 'चि. सौ. कां. सोजर हिस, मामाकडून'. आई भावाच्या बाळंतिणीला बघायला वैरागला गेली होती. परत आली तेव्हा तिच्या साड्या खाटेवर गठ्ठ्यात पडल्या होत्या आणि कपाटाचं दार गाडीचा मागचा फाळका झालं होतं.

"नाव तसंच ठिवलंय की," आप्पा म्हणाले. त्यांना वाटलं, बाई खूश होईल.

आई रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "ह्या गाडीत मी पाय ठिवणार न्हाय." आणि आमची आई शब्दाची पक्की. आप्पांचं तोंडच उतरलं. वैरण, खत, शेळ्या ही सगळी सांगायची कारणं होती. त्यांना खरं तर सोजरबाईला शेजारी बसवून वैरागच्या बाजारातून एक चक्कर मारायची होती.

बरं, गाडी म्हणावी अशीही ती गाडी नव्हती. स्प्रिंगच्या पाट्या नीट बसतात म्हणून आप्पांनी आख उलटा बसवला होता. त्यामुळे पहिला गिअर टाकला की गाडी मागे जायची, दुसरा टाकला की आणखी जोरात मागे. पुढे जायला रिव्हर्स टाकावा लागे, आणि त्यात ती अशी चालायची की पाण्याला निघालेल्या म्हशी वळून बघत पुढे निघून जात. पारावरची माणसं विचारायची, "हिंदुराव, घराकडं निघालाय का घराकडनं?" आप्पा म्हणायचे, "गाडीत काय दोष न्हाय." आख फिरवायचा म्हणजे सगळं वेल्डिंग तोडून चूक कबूल करणं आलं. त्यापेक्षा उलटं जाणं त्यांना सोपं वाटलं.

मग आदिनाथमामाच्या मुलीचं बारसं आलं. मामाला फार वर्षांनी झालेलं लेकरू, आणि सख्खी बहीण एकटी आमची आई. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. आत्या आल्याशिवाय पाळणा हलणार नव्हता. आईनं नाव ठरवलं होतं, पण मलासुद्धा सांगितलं नव्हतं.

नेमकी त्या दिवशी एसटी चुकली. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, कारण त्याचा सेल आप्पांनी गाडी मागे निघाली की वाजणाऱ्या वाजंत्रीला लावला होता. माझा मोबाईल गाडीचं शूटिंग करायला नेला होता. आई आणि मी निवांत नटून फाट्यावर पोचलो तर बस कधीच गेलेली, दुसरी संध्याकाळी, आणि गावातल्या जीपा कुणाच्या तरी लग्नाला. दुपट्याची पिशवी छातीशी धरून आई रस्त्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. कपाटासाठी न रडलेली बाई तिथं रडायला लागली. मला आप्पांचा असा राग आला की त्यांनाच भंगारात घालावं.

तेवढ्यात ती वाजंत्री ऐकू आली. फाळका पुढे करून आप्पा आले. येताना कुणाच्या तरी कुंपणाची बाभळ सोबत आली होती.

"बस की सोजर," ते म्हणाले.

"सरळ चालवाल का?"

"सरळ गेलो तर पोरगी शाळंत जाईल तवर पोचू."

आईनं डोळे पुसले आणि चढली. पण आप्पांच्या शेजारी नाही. मागं हौद्यात, भंगारातल्या बसच्या बाकड्यावर, फाळक्याकडे तोंड करून. म्हणजे जायचं त्याच दिशेला. मी तिच्या शेजारी. आप्पांना मात्र मान वळवली तरी कपाटाच्या पत्र्यापलीकडचं काही दिसत नव्हतं, ते आजवर अंदाजानंच हाकत आले होते.

"उजवीकडं घ्या," आई ओरडली. गाडी डावीकडे गेली. दोघांची तोंडं दोन दिशांना, तिची उजवी ती त्यांची डावी. दोघांनीही आपलीच उजवी खरी धरली, आमच्या घरात हे काही नवीन नव्हतं. एक खड्डा आणि पाटाच्या पाण्याची एक चारी झाल्यावर आईनं उजवं-डावं सोडून दिलं.

"उसाकडं घ्या. आता लिंबाकडं. हळू, म्हातारी हाय."

आणि आप्पा घेत गेले. लग्न झाल्यापासून ज्या माणसानं बायकोचं एक ऐकलं नाही, तो वैरागपर्यंत तिच्या शब्दावर चालला, तोही तिसऱ्या गिअरमध्ये. वाटेत मी बघितलं, आईनं पदर खोचला होता आणि तिचा आवाज चढला होता. बाई चक्क मजेत होती.

मामाच्या दारात बायका वाजंत्री ऐकून बाहेर आल्या. त्यांना आधी दिसलं ते दार. "सोजर आली," एकीनं वाचूनच सांगितलं.

आईनं बाळाच्या कानात 'श्रावणी' म्हटलं आणि रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्के घातले. "घाला," आई म्हणाली, "रस्त्यानं काय शिल्लक ठिवलंय."

जेवणं झाल्यावर मामाचा शेजारी बिरप्पा, वेल्डिंगवाला, गाडीखाली सरपटून आला. "आख उलटा हाय की. दुकानात घ्या, आत्ता सरळ करून देतो."

आप्पांनी वाकून आखाकडे बघितलं. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "चुकलंच माजं. कर सरळ." आणि आईकडे वळून हळूच, "मंग शेजारी बसशील न्हवं?"

त्या घटकेला त्यांच्यावरचा माझा सगळा राग निघून गेला. आई फाळक्याजवळ गेली. पदराच्या टोकानं आपल्या नावावरची धूळ पुसली आणि हौद्यात चढून बसली.

"हाय तसंच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "सरळ केली की तुमी माझं ऐकायचा न्हाय. चला, त्या पिपरणीच्या झाडाकडं घ्या."

आप्पांनी पिपरणीकडं घेतली.