वाण्याच्या घरातली विलायती कुस्ती

मी टीव्ही बोलतोय. भिंतीला चिकटलेला, पापडासारखा चपटा असतो तो नव्हे. तो माझा नातू शोभेल. मी जुन्या घाटाचा, पाठीमागे भलं मोठं पोट सुटलेला. मला उचलायचं म्हणजे दोन गडी लागतात आणि उचलून झाल्यावर दोघंही कंबर धरून बसतात.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. माजलगावच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला असलेल्या एका गावात रुद्रप्पांचं किराणा दुकान होतं. रुद्रप्पा म्हणजे कपाळावर विभूती, गळ्यात लिंग आणि तोंडात जेमतेम चार शब्द असलेला माणूस. त्यांनी मला बीडहून जीपमध्ये आणलं. वाटभर मांडीवर धरून बसले होते. मागे ठेवलेला रॉकेलचा डबा माझ्या अंगाला लागू देत नव्हते. घरी आल्यावर बायकोला, शांतादेवीला म्हणाले, "बातम्या बगायच्या आन् कीर्तन ऐकायचं. दुसरं काई न्हाई."

माणसं बोलतात एक आणि बटण दाबतात भलतंच, हे मला तिथेच कळलं.

दुकानाच्या मागे एक लांबट खोली होती. एका बाजूला तेलाचे डबे, दुसऱ्या बाजूला डाळीची पोती आणि मधे स्टुलावर मी. गावात नुकतीच केबल आली होती. एका शनिवारी संध्याकाळी शांतादेवी कीर्तन शोधत होत्या. बटणं दाबता दाबता माझ्या काचेवर दोन धिप्पाड गोरे उघडे गडी उमटले. एकाला कमरेपर्यंत केस, दुसऱ्याच्या डोक्यावर एक नाही. केसवाल्याने टकल्याला डोक्यावर उचललं आणि धाडकन खाली आपटलं.

"अगं आई गं!" शांतादेवी म्हणाल्या आणि बटणावरचं बोट काढून खाली बसल्या.

त्या दिवशी कीर्तन राहिलं. पुढच्या शनिवारीही राहिलं.

ही विलायती कुस्ती दर शनिवारी लागायची. आखाडा चौकोनी, भोवती दोर, वर झगझगीत दिवे. गडी यायचे तेव्हा आधी गाणं वाजायचं, मग धूर निघायचा आणि मग स्वारी बाहेर पडायची. आमच्या गावात एवढा थाट नवरदेवाचाही होत नव्हता. सगळं बोलणं इंग्रजीत. शांतादेवींना इंग्रजीचे तीनच शब्द येत होते, तेही त्यातल्या पंचाने जमिनीवर हात आपटून शिकवलेले: वन, टू, थ्री. पण अडलं कुठे? केसवाल्याचं नाव त्यांनी झिपऱ्या ठेवलं. "जटा हायत त्याला. शंभूमहादेवाचा भगत दिसतोय," असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

दुकानात भामाबाई धान्य निवडायला यायची. शांतादेवींच्याच वयाची, गावाबाहेरच्या वस्तीतल्या कचरूची बायको. हात असा चालायचा की डाळीतला खडा आपण होऊन बाहेर यायचा. दुकानात तिचा वावर पुढच्या पायरीपर्यंत. आत ये असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, येऊ नको असंही म्हटलं नव्हतं. अशा गोष्टी गावात न बोलताच चालतात. मला मात्र त्यातलं काही कळत नव्हतं. मी समोर बसेल त्याला सारखंच चित्र दाखवणारा.

माझा आवाज ऐकून भामाबाई आधी सूप घेऊन खोलीच्या उंबऱ्याशी बसायला लागली. मग एके दिवशी झिपऱ्या आणि टकल्या दोघंही दोरांवरून बाहेर पडले, प्रेक्षकांत घुसले, आणि पुढे काय होतं ते नीट दिसेना म्हणून भामाबाई उठली आणि थेट आत येऊन शांतादेवींच्या शेजारी बसली. दोघींनी एकमेकींचा दंड गच्च धरलेला. कुस्ती संपल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं. भामाबाई उठायला लागली.

"बस की," शांतादेवी म्हणाल्या, "अजून दुसरी जोड यायची हाय."

रुद्रप्पांनी दुकानातून डोकावून पाहिलं. जाऊन तराजू पुसत बसले. एरवी तो त्यांनी दिवाळीलाच पुसला असता.

भामाबाईचा जीव टकल्यावर. "त्याला बगा, कुणीच टाळ्या वाजवत न्हाई," ती म्हणायची. "आला की सगळी दुनिया बोंबलतीय. एकटा पडलाय बिचारा."

"बोंबलंल न्हाई तर काय? लबाड हाय त्यो."

"लबाड कावून झाला, ते तर बगा, वाणीनबाई. वाट्याचं न्हाई मिळालं की माणूस लबाडच होतो."

दोघींनी मिळून त्याची गोष्ट रचली होती. झिपऱ्या आणि टकल्या सख्खे भाऊ. कमरेचा तो सोन्याचा पट्टा म्हणजे वडिलार्जित इस्टेट. वाटणी नीट झाली नाही, म्हणून हा तमाशा. बीड जिल्ह्यातल्या बायांना भाऊबंदकी समजावून सांगायला इंग्रजी लागत नाही.

यांच्यात तिसरा प्रेक्षक होता सुंदरराव पैलवान. तरुणपणी त्याने नारायणगडाच्या जत्रेत कुस्तीचे नारळ जिंकलेले. ते आता गावभर सांगत फिरायचा. तो प्रथम आला तो हसायलाच. "ही काय कुस्ती हाय व्हय? लई खोटं हाय समदं. लाथ लागतच न्हाई, त्यो आधीच पडतोय." मग चुका काढायला दर शनिवारी येऊ लागला. चुका काढता काढता पोत्यावर उभा राहून ओरडायला लागला, "आरं टांग मार बे, टांग!" एकदा तर ऐन रंगात वीज गेली. पंचाचं टू झालं होतं, थ्री व्हायचं होतं. त्या दिवशी वीज मंडळाला पैलवानाने जे ऐकवलं, ते मी दिवे असतानाही कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

कार्तिकात शांतादेवी कपिलधारच्या यात्रेला गेल्या. मन्मथस्वामींच्या समाधीपुढे नारळ फोडला. आल्यावर भामाबाईच्या कानात म्हणाल्या, "झिपऱ्याच्या नावानं फोडला. येत्या शनिवारी पट्ट्याची कुस्ती हाय न्हवं."

"देवाला कुठं घालताव मधी," भामाबाई हसली.

तो शनिवार मला अजून आठवतो. खोली भरलेली. झिपऱ्याने टकल्याला पार दमवलं होतं. आता शेवटचं आपटायचं, तेवढ्यात तो वळला आणि लोकांकडे बघून हात वर केले. जिंकायच्या आधी मिरवायची खोड तुमच्याकडे काही फक्त पुढाऱ्यांनाच नसते. मागून टकल्याने लोखंडी घडीची खुर्ची उचलली आणि पाठीत घातली. झिपऱ्या आडवा. वन, टू, थ्री. पट्टा टकल्याचा.

सगळीकडे बोंब उठली. त्या बोंबेत आमच्या खोलीत एकटीने टाळ्या वाजवल्या. भामाबाईने. लहान पोरीसारख्या.

शांतादेवींचा चेहरा लाल झाला. "टाळ्या काय वाजवतीस? मागून मारलं त्यानं!" आणि पुढे, जीभ आवरायच्या आत, "तुमच्यात चालत आसंल असं."

टाळ्या थांबल्या.

"आमच्यात म्हंजे कुणात, वाणीनबाई?" भामाबाईने अगदी हळू विचारलं.

मी जाहिरात दाखवत होतो. साबणाची. मला थांबता येत नाही. सुंदरराव स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत बसला. आयुष्यभर डाव सांगणाऱ्या त्या माणसाला तेव्हा एकही सुचला नाही. भामाबाईने सुपातली निवडलेली डाळ पोत्यात ओतली, सूप भिंतीला टेकवलं आणि ती निघून गेली.

मग ती आलीच नाही. टीव्हीला नाही, कामालाही नाही. उन्हाळा सरला, पाऊस झाला, पेरण्या झाल्या. रुद्रप्पांच्या डाळीत खडे निघायला लागले. गिऱ्हाइकं गालाला हात लावून तक्रार घेऊन यायची. रुद्रप्पा बायकोला एकदाच म्हणाले, "गावाचे दात पाडायलो आपण." शांतादेवी स्वतः निवडायला बसल्या, पण त्यांचा खडा आपण होऊन बाहेर येत नव्हता.

शनिवारी त्या माझ्यासमोर बसायच्या, पण बघत नव्हत्या. झिपऱ्या जिंकला तरी दंड धरायला शेजारी कुणी नव्हतं. सुंदररावचा दंड धरता येत नाही.

अशाच एका शनिवारी नवल घडलं. दुसरे दोघे दांडगे गडी मिळून झिपऱ्याला बडवत होते. गाणं वाजलं, धूर निघाला आणि टकल्या धावत आला. शांतादेवींनी डोळे मिटले. उघडले तेव्हा टकल्या त्या दोघांना बाहेर फेकत होता. मग त्याने हात पुढे केला. झिपऱ्याने जरा वेळ बघितलं आणि तो धरला. भाऊ एक झाले.

"म्या म्हणलो न्हवतो?" सुंदरराव मांडीवर थाप मारून म्हणाला. "आतून मिळालेलेच हायत दोगं."

शांतादेवींनी मला बंद केलं. डोक्यावरचा पदर सारखा करत उठल्या.

"कुठं निगालीस?" दुकानातून रुद्रप्पांनी विचारलं.

"भामाकडं."

"कुणाला तरी धाडून बलवून घे की."

"बलवायचं न्हाई. जायाचं हाय."

मी स्टूल सोडून कधी हललो नाही, त्यामुळे पुढचं मला दोघींच्या तोंडूनच कळलं, तेही तुकड्यातुकड्याने, कारण दरवेळी "तसं न्हवतं झालं" म्हणून एक दुसरीला अडवायची. पण एवढ्यावर दोघींचं एकमत आहे: भामाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. शांतादेवी दारात उभ्या राहिल्या. त्या वस्तीत इतक्या वर्षांत त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. भामाबाईने पाहिलं आणि भाकरी थापत राहिली. ये म्हणाली नाही. मग शांतादेवी उंबऱ्यावरच बसल्या.

"चुकले म्या, भामा. तोंड चाललं."

"तोंड न्हाई चाललं. पोटातलं आलं."

शांतादेवी म्हणाल्या, "हां. पोटातलंच व्हतं."

"आता न्हाई?"

"आसंल अजून थोडं. खडा निवडायला वेळ लागतोय. तुजा हात न्हाई मला."

भामाबाईने तव्यावरची भाकरी उलटली. आच थोडी मागे ओढली. आणि विचारलं, "चा घेता का?"

विचारलं तसं साधंच. पण गावातल्या माणसाला कळेल, तो प्रश्न किती मोठा होता. रुद्रप्पांच्या घरातल्या कुणी त्या वस्तीतलं पाणीही आजवर घेतलं नव्हतं.

"घेते," शांतादेवी म्हणाल्या. "साखर जरा जास्त टाक."

अर्धा कप चहा झाल्यावर त्यांनी बातमी सांगितली, की टकल्या आणि झिपऱ्या एक झाले. भामाबाई म्हणाली, "म्हाईत हाय. हाटेलीतला टीव्ही बाहेर उभी राहून बगते म्या दर शनिवारी, आत्ताच तिथनं आले. पाय मोडले उभं राहून राहून." मग दोघी अशा हसायला सुटल्या, की शेजारची बायडाबाई काय झालं म्हणून धावत आली.

पुढच्या शनिवारी भामाबाई आली ती सरळ माझ्यासमोर मधोमध बसली. रुद्रप्पांनी तिला आधी विचारलं, "डाळ कवा निवडती?" तीच त्यांची माफी होती, चार शब्दांच्या माणसाने आणखी कशी मागावी? वस्तीतल्या चहावरून भावकीत कुजबुज झाली. रुद्रप्पांनी ती ऐकली आणि तराजू पुसला.

दिवस गेले. माझ्या काचेतले गडी म्हातारे झाले, नवे आले, त्यांच्यात मजा नाही असं ठरलं. सुंदरराव गेला, तो शेवटपर्यंत कुस्ती खोटी आहे असं सांगायचा आणि एक शनिवार चुकवायचा नाही. रुद्रप्पाही गेले. दुकान मुलगा रवि चालवतो. त्याने चपटा टीव्ही आणला. माझ्या पोटातली एक नळी गेली, ती आता कुठे मिळत नाही म्हणतात. माझ्यावर दुधाचं भांडं ठेवतात. मी तक्रार करत नाही. दूध तापलेलं असलं की थंडीत बरंच वाटतं.

परवा भामाबाईची लेक आम्रपाली आली होती. अंबाजोगाईला नर्स आहे, इंग्रजी चांगलं येतं. तिने मोबाइलवर त्या जुन्या कुस्त्या शोधून काढल्या. दोन म्हाताऱ्या एका मोबाइलवर डोकी टेकवून बसल्या. आम्रपाली ऐकत होती आणि हसत होती.

"आई, हे भाऊ न्हाईत गं! त्या टकल्याचं लगीन व्हतं. या केसवाल्यानं भर मांडवात जाऊन सगळा विस्कोट केला. म्हणून त्यानं खुर्ची घातली."

"म्या तवाच सांगितलं व्हतं," भामाबाई म्हणाली. "लबाड कावून झाला ते बगा म्हणून."

शांतादेवींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पोरीला इंग्रजी नीट येत न्हाई," त्या म्हणाल्या.

उद्या भंगारवाला येणार आहे. रविने सांगून ठेवलंय. त्याचंही खरं आहे, जागा अडते. आज दुपारी दोघी मला बघायला आल्या. भामाबाईने माझ्यावरचं भांडं उतरवलं, पदराने काच पुसली. शांतादेवी गुडघे धरत धरत तिच्या शेजारी बसल्या. मी कधीचा काळाच आहे, आत ना वीज ना चित्र. पण दारातून ऊन येत होतं, आणि माझ्या काचेत त्या दोघी दिसायला लागल्या, अगदी स्वच्छ, मुंग्या नाहीत की रेघा नाहीत.

"लई म्हाताऱ्या दिसायलो गं, शांते," भामाबाई म्हणाली.

"तू दिसायलीस. म्या अजून ठीक हाय."

"सरक जरा तिकडं. माजं अर्धं तोंड येत न्हाई."

शांतादेवी सरकल्या. दोघी बराच वेळ तशाच बघत बसल्या. मला न्यायला येणाऱ्या भल्या माणसा, एवढी विनंती आहे: उद्या जरा उशिरा ये. अजून त्यांचं बघून व्हायचंय.