शेंदूर उतरलेला दगड

२०२३ सालच्या माघातली ही गोष्ट. उरणजवळच्या नव्या लिपी-संग्रहालयाच्या दारात ठमाबाई देवळात शिरावं तशी चपला काढून उभी राहिली, आणि आत पाऊल टाकायचं तिचं धाडस होईना.

आत तिचा दगड होता. मिठागराच्या बांधावर पिढ्यान्‌पिढ्या उभा असलेला. वर चंद्रसूर्य, खाली गाढव, मध्ये अक्षरं. ती अक्षरं कुणी वाचायची नाहीत, हा गावाचा दंडक. वाचणाऱ्याचं लेकरू जातं म्हणे. म्हणून दर अवसेला मानकऱ्याच्या घरची सून तेलात कालवलेला शेंदूर त्यांच्यावर थापायची, खाचसुद्धा दिसू नये इतका जाड. लग्न होऊन आल्यापासून ते काम ठमाबाईचं. रस्ता रुंद करताना दगड उचलून इथं आणला आणि शेंदराचं सगळं कवच खरवडून काढलं.

आज तो लेख पाहुण्यांसमोर पहिल्यांदा मोठ्यानं वाचायचा होता. वाचणार होती तिची नात हेमाली, इथं माहिती सांगायच्या नोकरीला लागलेली. हेमालीला सहावा महिना होता.

"आजे, तू? एकटीच आलीस रिक्षानं?"

"वाचलास काय गो?"

"अजून नाही. पाहुणे चहा पितायत."

ठमाबाईनं तिचं मनगट घट्ट धरलं. ते तसंच धरून ती आत आली. भिंतीला लागून मातीच्या विटा, ताडपत्रं, ताम्रपट मांडलेले. त्यांवरची सगळी अक्षरं आपल्याकडेच टक लावून बघतायत असं तिला वाटलं.

हेमालीबरोबर काम करणारा प्रणय हसला. "आजी, मी वाचू का? माझं तर लग्नच झालं नाही."

"उद्या व्हईल. पोरा व्हतील. गप ऱ्हा तू, शाना!"

"आजे, नोकरी आहे माझी," हेमाली हळू आवाजात म्हणाली. "कुणीतरी वाचायला तर पाहिजेच ना."

"मी वाचतंय."

"तुला कुठं वाचता येतं?"

ठमाबाई दगडाकडे न बघता बोलली, "माजा एकच लेक व्हता. त्यो गेला. आता माजं न्यायाला काय ऱ्हायलंय? तू अक्षरा सुटी सुटी सांग. जोडायची मी."

हेमालीचा चेहरा उतरला. तो लेक म्हणजे तिचा बाप, रावजी. तिनं दगडावर बोट ठेवलं.

"आ."

"आ."

"ग. आणि हा र."

ठमाबाईचे ओठ हलले. "आ... ग... आगर?" तिनं पहिल्यांदाच दगडाकडे पाहिलं. "आगर! मिठाचं?"

"हो आजे. देवाला दिलेलं."

मग अंधारात बांधावरून पाय चाचपत चालावं तशी ती शब्द जोडत गेली. आगर देवाला दिले. हे आगर जो मोडील... पुढे त्या मोडणाऱ्याच्या आईचं आणि गाढवाचं नाव घेऊन शिवीसारखा शाप होता. प्रणयनं मान खाली घातली.

ठमाबाई थांबली. शाप वाचणाऱ्याला नव्हताच. मोडणाऱ्याला होता. आणि आगर तर गावानं आपल्या हातानं मोडलं होतं. आगर बुजवायच्या भरावाला पहिली सही रावजीची. त्या भरावावर कंटेनर यार्ड झालं, रावजी तिथंच ट्रेलरवर लागला, आणि यार्डाच्या वळणावर ट्रेलर उलटून त्याच्याखाली गेला.

ती दगडापासून दोन पावलं मागे सरली. इतक्या अवसा आपण शेंदूर थापत राहिलो. सहीच्या आधी एकदा कुणी वाचलं असतं तर?

"आजे, काय झालं? घाबरू नको गं. असे शाप तेव्हा सगळीकडेच लिहायचे. रीत होती ती."

"व्हय गो. रीतच." तिनं नातीच्या पोटावरचा पदर सारखा केला. "जा, वाच आता. तुला काय न्हाय व्हनार."

हेमालीला ज्येष्ठात मुलगी झाली, धडधाकट. ती अजून तिथंच नोकरीला आहे. प्रणय पुण्याला गेला, ताम्रपट वाचतो. दगडासमोर शाळेची पोरं गाढवाला हसतात.

ठमाबाईनं दगडावर काय वाचलं ते गावात कुणाला सांगितलं नाही. तिच्या नावावर भरावातून सुटलेला मिठाचा एक वाफा होता. यार्डवाले तो मागायला आले, तिनं दार उघडलं नाही. पुढच्या हिवाळ्यात चिखल तुडवून तिनं वाफ्याचा तळ एकटीनं घट्ट केला आणि भरतीचं पाणी आत घेतलं. मीठ धरायच्या आधीच ती गेली. पाणी उन्हानं आटलं, मीठ आपोआप धरलं, आणि ओढायला कुणी नव्हतं म्हणून पावसापर्यंत तिथंच पांढरं पडून राहिलं.